अळीसाठी पाच ओळी

पुण्यात कुठल्याही नवीन ऑफिसात असाइनमेंटसाठी गेले की चहाच्या मशीनपाशी एक प्रश्न ठरलेला. ‘गाव कुठलं?’ मी सांगते, बुलढाणा जिल्हा. पूर्वी यावर दोनच उत्तरं यायची. ‘अच्छा, शेगाव! कचोरी!’ नाहीतर, ‘लोणार ना? ते उल्केचं?’ जानेवारी २०२५ पासून तिसरं उत्तर सुरू झालंय. ‘तिकडेच ना ते... केस गळतात?’ आणि विचारणाऱ्याची नजर हळूच माझ्या डोक्याकडे जाते. आहेत हो, सगळे जागेवर आहेत!

बातमी तुम्हीही वाचली असेल. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक पुंजक्यापुंजक्यानं हातात यायला लागले. लहान पोरं, बाया, म्हातारे, कुणीच सुटलं नाही. आधी बुरशीचा संशय, मग पाण्यातल्या नायट्रेटचा. आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारीत निष्कर्ष मांडला तो रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमचा. म्हणजे परराज्यातल्या शेतातून निघालेला गहू, आणि टक्कल आमच्याकडे. या सगळ्या काळात टीव्हीवर एक शब्द सतत कानावर पडत होता: नमुने. पाण्याचे नमुने, रक्ताचे नमुने, केसांचे नमुने, गव्हाचे नमुने. आता आपल्या मराठीत ‘नमुना’ म्हटलं की काय अर्थ होतो, ते मी वेगळं सांगायला नको. नमुन्याचं रक्त घेतात, मत घेत नाहीत.

साथ आली असेल तर तेही समजू शकते मी. आधी तपासण्या, मग गप्पा. पण नवीन तंत्रज्ञान येतं तेव्हा काही साथ आलेली नसते. वेळ असतो, पैसे असतात, पॉवरपॉइंट असतो. तेव्हा तरी विचारतात का?

माझे काका खामगाव तालुक्यात सहा एकर कोरडवाहू करतात. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. आमचा भाग घाटाखालचा, काळ्या मातीचा, म्हणजे कपाशी ही इथे निवड नसते, सवय असते. २६ मार्च २००२ ला केंद्रानं बीटी कपाशीला परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या शिवारातलं सगळंच बियाणं बदललं. आज देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी आहे. एखादं तंत्रज्ञान इतक्या झपाट्यानं इतक्या घरांत शिरलेलं दुसरं उदाहरण शोधायचं, तर मोबाइलच आठवतो.

बीटीचं गणित सोपं आहे. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, की बोंडअळीला मारणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. सुरुवातीची वर्षं कमालीची गेली. फवारण्या कमी झाल्या, बोंडं भरली. काका त्या वर्षांबद्दल बोलताना अजूनही खुलतात. घरावरचा स्लॅब त्याच पैशातून पडलाय. तेव्हा हा लेख ‘बीटी हटाव’ टाइप असेल असं वाटून पान उलटणार असाल, तर थांबा. मला बोलायचंय ते एका पुडीबद्दल.

बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पिशवीसोबत एकशेवीस ग्रॅमची एक छोटी पुडी यायची. तिच्यात साध्या, बीटी नसलेल्या कपाशीचं बी. नियम असा होता की शेताच्या कडेनं पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल त्यात हे साधं बी लावायचं. कशासाठी? तर अळीसाठी! अगदी खरं. बीटी खाऊनही जगणारी एखादी चिवट अळी निघतेच. तिचा पतंग झाला आणि त्याला तसाच चिवट जोडीदार मिळाला, तर पुढची सगळी पिढी चिवट. म्हणून शेजारी साध्या कपाशीवर भरपूर साध्यासुध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे चिवटांची लग्नं त्यांच्याशी लागतील आणि पोरं बीटीला बळी पडतील. थोडक्यात, अळ्यांचं अरेंज्ड मॅरेज. शास्त्र म्हणून कल्पना झकास आहे.

आणि ती पुडी आमच्याकडे गोठ्याच्या कोनाड्यात पडून असायची. एका वर्षाची नाही, तीन-चार वर्षांच्या पुड्या, एकावर एक. सोबत बारीक अक्षरातलं घडीचं पत्रक. मोठी झाल्यावर, म्हणजे पत्रकारितेची डिग्री घेऊन शहाणी झाल्यावर, मी काकांना विचारलं होतं की तुम्ही ते का नाही लावलं? ते आधी हसले. मग म्हणाले, ‘पाह्य पोरी, पाच तास अळीसाठी पेरू, तं लेकरांसाठी कोन पेरते मंग?’

आता यावर शहरात बसून म्हणता येतं की शेतकऱ्यांना कळत नाही, अवेअरनेस नाही, कॅम्पेन करा, ब्रँड अॅम्बॅसेडर आणा. पण काकांना कळलं होतं. त्यांनी फक्त हिशेब मांडला होता. दोन-चार एकरांच्या तुकड्यात वीस टक्के जागा किडीला द्यायची, त्या ओळींवर फवारणीचा खर्च वेगळा, आणि फायदा मिळणार तो सगळ्या शिवाराला, तोही आठ-दहा वर्षांनी. शेजाऱ्यानं नाही लावलं तर तोही नाही. तुम्ही लावली असती का? खरं सांगा.

हा नियम ठरवताना दोन एकरवाल्या एका माणसाला जरी समोर बसवून विचारलं असतं, ‘काय काका, जमेल का?’, तरी उत्तर पाच मिनिटांत मिळालं असतं. ते मिळायला आपल्याला पंधरा वर्षं लागली आणि ते दिलं अळीनं. पहिल्या पिढीच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमध्ये २०१० च्या सुमारास उघड झालं. तोवर २००६ ला दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन आलं होतं. त्यालाही ती पुरून उरली. २०१७ ला तिनं महाराष्ट्र झोपवला. खामगाव, जळगाव जामोद, अकोट, यवतमाळ, कुठंही जा, फूल उमलायचं तेच मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं. डोमकळी म्हणतात तिला, नाव किती गोड! आत अळी. बोंड फोडलं तर सरकी खाल्लेली आणि कापूस पिवळा पडलेला. त्याच वर्षी फवारणीतल्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. फवारणी कमी करायला आणलेलं तंत्रज्ञान होतं हे, हे विसरू नका.

एकटी पुडी दोषी नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांतून, लांब मुदतीच्या. त्यात पाण्याची सोय असली की लोक फरदड ठेवतात, म्हणजे जानेवारीनंतरही कपाशी उभी. अळीला वर्षभर मेस चालू. पण फरदड लोक का ठेवतात, हेही त्यांनाच विचारायला हवं होतं ना?

तिकडे अमेरिकेत नेमकी हीच अळी, हेच बीटी. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्या कृषी खात्यानं जाहीर केलं की आमच्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी नामशेष झाली. आमच्याकडे हाहाकार झाला त्याच्या पुढच्याच वर्षी! आता त्यांची शेतं मोठी, तिथे पाच ओळींचा प्रश्नच नाही, शिवाय वंध्य केलेले पतंग विमानातून सोडण्याचे पैसेही आहेत, मान्य. पण आणखी एक गोष्ट होती. अॅरिझोनात हे काम कपाशीवाल्यांच्याच वर्गणीवर चालणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या मंडळानं विद्यापीठ आणि सरकारच्या सोबतीनं अंगावर घेतलं होतं. साधी कपाशी लावली की नाही हे बघायला बाहेरचा माणूस येत नव्हता. नियम त्यांचा होता.

आपण काय केलं? साधं बी आता वेगळ्या पुडीत देतच नाहीत. ते मूळ पिशवीतच मिसळून येतं. पिशवी ४७५ ग्रॅमची झाली. म्हणजे शेतकऱ्याला न विचारता केलेला नियम शेतकरी पाळेना, म्हणून आता त्याला न विचारताच तो पाळला जाईल अशी सोय. बॉस, मानलं!

आपल्या ऑफिसातही असंच असतं म्हणा. नवीन सॉफ्टवेअर आधी येतं आणि ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ अशी एचआरची मेल नंतर. फरक एवढाच, की सॉफ्टवेअर फसलं तर आपण कँटीनमध्ये शिव्या घालतो आणि पगार एक तारखेला येतो. गंमत म्हणजे अॅपमधलं बटण निळं ठेवायचं की हिरवं हे ठरवायला कंपन्या हजारो लोकांवर चाचणी घेतात. बियाण्याच्या बाबतीत अख्खा जिल्हाच चाचणी असतो.

एकदा मात्र विचारलं होतं. आणि ती गोष्ट आमच्या शेजारूनच सुरू झाली होती. देऊळगाव राजाहून जालना तासाभराच्या आत येतं. त्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. आमच्या जिल्ह्याच्या त्या टोकाला आज शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन दिसतं, ते याच पट्ट्यात. या महिकोचं बीटी वांगं. १४ ऑक्टोबर २००९ ला जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला. कपाशी अंगावर घालायची, वांगं तर पोटात जाणार. गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मग एक जगावेगळी गोष्ट केली: सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद, बंगळुरू. जवळपास आठ हजार लोक आले. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, गृहिणी, कंपन्यांची माणसं, घोषणा देणारे, त्यांच्यावर ओरडणारे. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली आणि का दिली ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी ‘मंजुरी समिती’चं नाव बदलून ‘मूल्यांकन समिती’ झालं. नावात बरंच काही असतं हो.

हे चांगलं झालं की वाईट, यावर अजून भांडणं होतात. बांगलादेशानं तेच वांगं २०१३ ला मंजूर केलं आणि तिथले शेतकरी ते लावतात. अनेक शास्त्रज्ञ म्हणतात, हात वर करून विज्ञान ठरत नसतं. मला त्यांचं पटतं, पण अर्धंच. अळी चिवट होईल का, हे हात वर करून ठरत नाही, बरोबर. पण पाच ओळी कुणी सोडील का, हे प्रयोगशाळेतही ठरत नाही. डेन्मार्कनं १९८७ मध्येच यावर तोड काढली होती: साध्या नागरिकांचा गट बसवायचा, त्यांनी तज्ज्ञांना बोलावून प्रश्न विचारायचे आणि शेवटी त्यांनीच अहवाल लिहायचा. त्यांचा पहिला विषय काय होता माहितीय? शेती आणि उद्योगातलं जनुक तंत्रज्ञान.

नागपूरची सभा २७ जानेवारीला होती, बुधवारी. मी तेव्हा शाळेत होते. अलीकडे काकांना विचारलं, की तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं. माहीत असतं तर गेला असता का? ‘जानेवारीत तूर काढू का नागपूरले जाऊ?’ मुद्दा बिनतोड होता. शेगावहून नागपूर म्हणजे रेल्वेचा अख्खा दिवस जाण्यायेण्यात. देशातली सगळ्यात चांगली जनसुनावणीसुद्धा ज्यांच्या वावरात हे उगवणार त्यांच्यासाठी चुकीच्या दिवशी, चुकीच्या गावी होती.

न विचारण्याचा दुसरा परिणाम मला जास्त रंजक वाटतो. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी शेकडोंच्या साक्षीनं एचटीबीटी कपाशी पेरली. हे तणनाशक सहन करणारं वाण. त्याला परवानगी नव्हती आणि अजून नाही. तेव्हाच्या कायद्यानं पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. तरी पेरली, ढोल वाजवून. गुन्हे दाखल झाले. म्हणजे बघा, शहरात आपल्याला वाटतं की ‘लोक’ म्हणजे तंत्रज्ञानाला विरोध करणारे, आणि इथे लोक कायदा मोडून तंत्रज्ञान मागत होते! या बियाण्याला आमच्याकडे ‘चोरबीटी’ म्हणतात. पावती नाही, गॅरंटी नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? पण निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर रोज परवडत नाही, म्हणून लोक ते घेतात.

माणूस मिळत नाही, असं काका म्हणतात. प्रत्यक्षात निंदणाला माणूस कधीच नसतो, बाया असतात.

गेल्या पावसाळ्यात गेले तेव्हा काकांच्या वावरात सात-आठ जणी ओळीनं बसून सरकत होत्या. दुपारी धुऱ्यावर डबे उघडले, तशी मी त्यांच्यात जाऊन बसले. सगळ्यात मोठ्या मावशींना विचारलं, तणनाशकाची कपाशी सगळीकडे आली तर तुम्हाला कसं वाटेल? असा प्रश्न त्यांना आधी कुणीच विचारला नसावा, कारण त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग एक तरुण मुलगी म्हणाली, बरं होईल, कंबर सुटेल. दुसरी म्हणाली, कंबर सुटेल पण पोराची फी? निंदणाचे दोन महिने हाच हातातला पैसा. सोयाबीन काढणीला मशिनं आली, आता हेही गेलं तर वेचणीपर्यंत काय करायचं? तिसरीचा मुद्दा वेगळाच. ती म्हणाली, धुऱ्यावरची तांदूळकुंद्र्याची, घोळाची भाजी आम्ही इथूनच नेतो. औषध मारलं तर ती खायची की नाही? चौथीचा स्वतःचा दोन एकर तुकडा होता आणि तिला ते बी हवंच होतं. फक्त पावतीसकट हवं होतं. मावशींनी मला विचारलं, फवारेल कोण? आमचेच नवरे ना? मग त्यांना तोंडाला बांधायला काय देणार?

वीस मिनिटांत पाच बायांनी पाच प्रश्न काढले: रोजगार, भाजी, पावती, फवारणीची सुरक्षितता, आणि हो, कंबर. यातला एकही प्रश्न बीटीच्या बाजूचा नाही की विरोधातला नाही. टीव्हीवरच्या चर्चेत एक समर्थक आणि एक विरोधक बसवतात, त्यात यांची खुर्चीच नसते. आणि काकांची बाजू आणि या बायांची बाजू एक नाही, हेही तिथेच कळलं. जेवताना काका मुद्दाम लांब बाभळीखाली बसले होते. ‘लोकांना विचारा’ म्हणणं सोपं आहे. कुठल्या लोकांना?

लोकांशिवाय चालतच नाही असं तंत्रज्ञानही असतं. गुलाबी बोंडअळीवर आता पीबी नॉट नावाचे धागे निघालेत. ते झाडाला बांधायचे. त्यातून मादीचा गंध सुटत राहतो, नर पतंग गोंधळतो, जोडी जमतच नाही. म्हणजे अळ्यांचं लग्न लावण्यापासून आपण मोडण्यापर्यंत आलो! हे एकट्याच्या वावरात फारसं चालत नाही, लगतचं सगळं शिवार एकत्र यावं लागतं. इथे विज्ञानाला गावाची गरज आहे, म्हणून गावाला समोर बसवावंच लागतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही शिवारफेरीला हजारो शेतकरी जातात, मांडव असतो, प्लॉट बघतात, प्रश्न विचारतात. छानच असतं ते. पण तिथे बघायला मिळतं तयार झालेलं वाण. तयार व्हायच्या आधीची शिवारफेरी अजून निघायचीय.

आणि हा विषय जुना झाला असं अजिबात नाही. २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात जीएम मोहरीवर दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं: केंद्रानं जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण करावं, आणि ते राज्यांशी, तज्ज्ञांशी, शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलून करावं. दुसरीकडे २०२२ मध्येच काही प्रकारच्या जनुक-संपादित पिकांना त्या मूल्यांकन समितीच्या प्रक्रियेतून सूट मिळाली, आणि मे २०२५ मध्ये असे दोन भात जाहीरही झाले, कमला आणि पुसा डीएसटी राईस १. यात बाहेरचं जनुक नसतं, त्यामुळे सूट योग्यच, असं शास्त्रज्ञ सांगतात. असेलही. पण आज ना उद्या हे कपाशीत येईल, तुरीत येईल, आणि पिशवीसोबत पुन्हा काहीतरी पुडी येईल.

न्यायालयाचं हे मी त्या धुऱ्यावर मावशींना सांगितलं होतं. म्हटलं, सरकार कधीतरी लोकांना बोलावेल, तर जाल का? त्यांनी डबा पुसून पिशवीत ठेवला. ‘जाऊ की. पन खामगावात ठेवा म्हना, तिकडे दूर नको. बाजाराच्या दिवशी नको, निंदनात नको, वेचनीत नको.’ मग उठता उठता म्हणाल्या, ‘अन् त्या दिवसाचा रोज कोन देईन, थे आधी इचारून घे.’